परदेशातून परतल्यावर : कशाशी जुळवून घ्यावे व कशाशी घेऊ नये

परदेशी शिक्षणासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्याचा आपल्याकडे मोठ्या उत्साहाने सत्कार होतो. विहारात वंदना होते, शाल व पुष्पगुच्छ दिला जातो, चार मान्यवर भाषणे करतात आणि निघण्याच्या दिवशी नाशिकहून मुंबईच्या विमानतळापर्यंत दोन गाड्या भरून माणसे जातात. हे योग्यच आहे. परंतु वर्ष-दोन वर्षांनी तोच विद्यार्थी परत येतो तेव्हा काय होते? आठ दिवस पाहुणे येतात, चॉकलेटे वाटली जातात, तिकडची थंडी व तिकडचा पगार यांविषयी विचारपूस होते. नंतर तो पुन्हा इथल्या महाविद्यालयात जाऊ लागतो आणि त्याचे काय चालले आहे, हे कोणी विचारीत नाही. जाणे ही परीक्षा आणि येणे म्हणजे सुट्टी, असे आपण धरून चालतो. वस्तुतः परत येणे हीदेखील एक परीक्षाच असते व तिची तयारी कोणीही करून घेत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

परत येणारे विद्यार्थी सगळे एकसारखे नसतात. काही जण एखाद्या सत्रापुरते परदेशी विद्यापीठात जातात व उरलेली पदवी इथेच पुरी करतात. काही जण तिकडे एम. ए. अथवा एम. एस. करून इथे संशोधनासाठी किंवा अध्यापनासाठी येतात. काही जण परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन येतात, इथली पात्रता परीक्षा देतात व मग रुग्णालयात आंतरवासिता करतात. भारत सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यामुळे ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी जिल्ह्याबाहेर शिकायला गेले नव्हते, अशा घरांतील मुलेमुलीही आज समुद्रापार जाऊन येतात. म्हणून हा प्रश्न चार श्रीमंत कुटुंबांचा राहिलेला नसून आपल्या वस्तीचा झाला आहे.

मन परत यायला वेळ का लागतो?

परक्या देशात गेलेल्या माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी या अवस्थेचे वर्णन केले आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून १९५५ साली असे मांडले, की आरंभी माणूस उत्साहात असतो, मधे खचतो व पुढे सावरतो. त्याचा आलेख काढला तर तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. १९६३ साली गुलाहॉर्न पती-पत्नींनी पुढची गोष्ट दाखवून दिली. मायदेशी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा एकदा होतो, म्हणजे एका ‘यू’ला दुसरा ‘यू’ जोडून ‘डब्ल्यू’ तयार होतो. प्रत्येकाच्या बाबतीत असेच घडते असे नाही, हेही नंतरच्या अभ्यासकांनी सांगितले आहे. तरीपण परतल्यावर दोन-चार महिने उदास वाटणे, चिडचिड होणे, जुन्या मित्रांत परके वाटणे हा काही दुबळेपणा नव्हे, एवढे यातून समजून घेता येते.

दुसऱ्या वेळचा उतार अधिक बोचतो, याचे कारण सोपे आहे. परक्या देशात अडचण येणार हे आपण गृहीतच धरतो. घरी अडचण येईल असे कोणालाच वाटत नाही. ज्या घराची आठवण काढून तिकडे रात्री काढल्या, ते घर मधल्या काळात बदललेले असते आणि आपणही बदललेले असतो. दोघांनाही ते ठाऊक नसते.

महाविद्यालयात तर हा फरक रोजच भेटतो. तिकडे अध्यापकाला प्रश्न विचारणे, प्रसंगी त्याचे म्हणणे खोडून काढणे हे अभ्यासाचे लक्षण समजतात. इकडे तोच प्रश्न काही ठिकाणी उद्धटपणा ठरतो. तिकडे सत्रभर निबंध लिहायचे, ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत बसायचे. इकडे हजेरीचे टक्के भरायचे, नोट्स मिळवायच्या व तीन तासांत उत्तरपत्रिका लिहायची. तिकडे स्वतःची खोली होती, इकडे दोन खोल्यांत सहा माणसे व एक टीव्ही. विद्यार्थ्याच्या तोंडून सारखे ‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य येऊ लागते. मित्र म्हणतात, याला हवा लागली. मग तो बोलणेच बंद करतो.

आणि आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, जिचा उल्लेख त्या पाश्चात्त्य अभ्यासांत सापडणार नाही. तिकडे त्याला त्याचे आडनाव विचारून कोणी त्याची जागा ठरवीत नव्हते. इकडे वसतिगृहाच्या पहिल्याच दिवशी ‘तुमचं पूर्ण नाव?’ असा प्रश्न येतो आणि त्यामागचा खरा प्रश्न त्याला लगेच कळतो. जे ओझे दोन वर्षे खांद्यावर नव्हते, ते पुन्हा चढल्यावर पूर्वीपेक्षा जड लागते. या अवस्थेतून आपल्यापैकी सर्वांत मोठा विद्यार्थी गेला आहे.

बाबासाहेबांचे परतणे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परदेशात किती पदव्या मिळविल्या हे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. ते परत आले तेव्हा काय झाले, हे मात्र तितके सांगितले जात नाही. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले व तेथील अर्थशास्त्राच्या शाळेत आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस पोहोचले. त्यांचे सामान व ग्रंथ वेगळ्या जहाजाने येत होते, ते जहाज महायुद्धात बुडाले. वर्षानुवर्षे पोट मारून जमविलेली पुस्तके अशी गेली.

सप्टेंबर १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यास गेले. तेथे काय घडले, ते त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत स्वतः लिहिले आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. स्टेशनवर उतरताच कोठे जावे, आपल्याला कोण ठेवून घेईल, या प्रश्नाने ती पुन्हा जागी झाली, असे ते सांगतात. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच असत. सोबतीला मिणमिणता कंदील होता व वाचायला पुस्तक. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली दहाबारा माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड, असे धमकावून गेली. दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. रात्री नऊच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. कोलंबियाचा एम. ए. झालेल्या, जगातील नामवंत प्राध्यापकांजवळ बसून शिकलेल्या माणसाला आपल्याच देशातील एका सुधारलेल्या शहरात रात्र काढण्यास छप्पर मिळाले नाही.

आता पुढची तीन वर्षे बारकाईने पाहिली पाहिजेत, कारण आपल्या विषयाचे खरे उत्तर तेथे आहे.

मुंबईला परतल्यावर ते परळच्या बी. आय. टी. चाळीत, आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातच राहिले. शिकवण्या केल्या. शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, पण जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना म्हणून तो बंद करावा लागला. त्याही अवस्थेत १९१८ साली त्यांचे भारतातील लहान शेतजमिनींविषयीचे इंग्रजी लेखन प्रसिद्ध झाले. परदेशात शिकलेले अर्थशास्त्र त्यांनी इथल्या कुणब्याच्या तुकड्याला लावून पाहिले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकविणार, अशी प्रथम काही विद्यार्थ्यांची भावना होती. पण त्यांच्या तयारीपुढे ती टिकली नाही व इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागले. तेथेही प्राध्यापकांच्या दालनातील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. ते नोकरी करीत राहिले, पगारातून काटकसर करून पैसा बाजूला टाकीत राहिले. जानेवारी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले आणि तेही मराठीत. त्याच वर्षी साठविलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या जोरावर ते पुन्हा लंडनला गेले व अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा केला. हे शक्य झाले, कारण १९१७ साली निघण्यापूर्वीच त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास सुरू करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली होती.

या हकिगतीतून एक भेद स्पष्ट होतो. लहान जागा, अपुरी साधने, परीक्षेपुरते शिकणारा वर्ग, पैशाची ओढाताण यांच्याशी बाबासाहेबांनी जुळवून घेतले. त्याविषयी तक्रार करीत ते बसले नाहीत. परंतु बडोद्यातील वागणुकीशी, पाण्याच्या माठावरील हरकतीशी त्यांनी मनाने कधीही जुळवून घेतले नाही. पहिल्या गोष्टी गैरसोयी होत्या आणि दुसऱ्या गोष्टी अन्याय होत्या. परतलेल्या विद्यार्थ्याने हे दोन खण मनात वेगळे ठेवले पाहिजेत. गैरसोयीला अन्याय मानले तर माणूस कायमचा कुरकुरा होतो. अन्यायाला गैरसोय मानले तर तो हळूहळू वाकतो, आणि त्यालाच लोक ‘आता रुळला’ असे म्हणतात.

आणखी एक उदाहरण : धर्मानंद कोसंबी

आपल्या वाचकांना परिचित असलेले दुसरे नाव धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाचा धम्म शिकण्यासाठी घर सोडून निघाला आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोहोचला. पुढे ब्रह्मदेश झाला. परतल्यावर कलकत्त्यास पालीचे अध्यापन मिळाले, पण ते सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण मराठी माणसाला बुद्ध सांगावा ही त्यांची तळमळ होती. त्यांच्याही पाठीशी सयाजीराव महाराजच उभे राहिले. १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले व १९१२ मध्ये परतून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. सहा वर्षांत त्यांनी जे विद्यार्थी घडविले, त्यांत पुढे बौद्ध विद्येत नाव मिळविलेले पु. वि. बापट होते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हार्वर्डहून आलेला हा पंडित इथे हार्वर्डसारखे ग्रंथालय नाही म्हणून थांबला नाही. जे शिकून आला ते त्याने सोप्या मराठीत उतरविले. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक आहे. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला व कोसंबींनी मराठीत ग्रंथ लिहिले. दोघांनीही परतल्यावर आपले ज्ञान घरच्या भाषेत आणले. आपण काय शिकलो हे आईला किंवा शेजाऱ्याला मराठीत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, की परकेपणा निम्मा कमी होतो. कारण मग आपण ‘तिकडचे’ राहत नाही व ऐकणाराही ‘इकडचा अडाणी’ राहत नाही.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट कागदपत्रांची. मनाच्या गोष्टी सांगताना ही विसरू नये, कारण परतल्यावरचा निम्मा मनस्ताप कार्यालयाच्या खिडकीवर होतो. एका सत्रासाठी जात असाल तर तिकडचे कोणते विषय व किती श्रेयांक इथे धरले जातील, हे जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. तिकडून निघण्यापूर्वी गुणपत्रके, अभ्यासक्रमाची प्रत व पदवीचे दाखले मोहोरबंद करून आणावेत. परदेशी पदवीला भारतात समकक्षता लागते. हे काम पूर्वी भारतीय विश्वविद्यालय संघ करीत असे. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी नवे नियम जाहीर केले आहेत. ते प्रत्यक्ष वाचावेत, ऐकीव माहितीवर राहू नये. शिष्यवृत्तीच्या अटींचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. परतल्यावर पहिले तीन महिने स्वतःविषयी कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. ‘इथे काही होणार नाही’ हा निष्कर्ष त्या दिवसांत हमखास निघतो आणि तो बहुधा घाईचा असतो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. तुलना करावी, पण ती वर्गात सर्वांपुढे टोमण्यासारखी करू नये. ‘तिकडे असं असतं’ म्हणण्याऐवजी ‘आपण असं करून पाहू या का?’ असे विचारावे. दर आठवड्याला चार मित्रांनी एकत्र बसून एक लेख वाचावा व त्यावर चर्चा करावी, एवढे करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. तिकडच्या परिसंवादाची सवय अशी इथे रुजते.

चौथी गोष्ट संबंधांची. तिकडचे अध्यापक व मित्र यांच्याशी पत्रव्यवहार ठेवावा. बाबासाहेबांच्या अडचणीत कोलंबियातील मित्र उपयोगी पडला, हे वर सांगितलेच आहे.

पाचवी गोष्ट अन्यायाची. महाविद्यालयात वा वसतिगृहात जातीवरून वागणूक बदलत असेल, तर ती ‘चालायचंच’ म्हणून सोडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद करण्यात आली. आपल्या संस्थेत हे काम कोणाकडे आहे याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी. घडलेल्या प्रसंगाची तारीख व वेळ लिहून ठेवावी, आणि एकट्याने न जाता सोबत कोणालातरी घेऊन जावे. उदासी फार दिवस राहिली, झोप उडाली, अभ्यास सुटला, तर डॉक्टरांकडे वा समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आपण काय करावे?

एवढ्यावर सर्व भार विद्यार्थ्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. बडोद्याच्या त्या दिवशी बाबासाहेबांच्या पात्रतेत काही उणे नव्हते. त्यांना कमी पडला तो एक दरवाजा उघडणारा माणूस. म्हणून परतलेल्या मुलामुलींसाठी मंडळांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. जाताना सत्कार करतो, तसे परतल्यावर दोन महिन्यांनी त्यांना विहारात बोलवावे. हार घालण्यासाठी नव्हे, तर ऐकून घेण्यासाठी. काय शिकलात, कसे शिकलात, इथे काय अडते, हे विचारावे. दहावी-बारावीच्या मुलांसमोर त्यांना मराठीत बोलू द्यावे. ज्यांच्या घरी बसायला जागा नाही त्यांच्यासाठी अभ्यासिकेत एक टेबल राखून ठेवावे. कार्यालयातील खेट्यांमध्ये एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याने सोबत जावे. परतलेल्या मुलीच्या बाबतीत तर अधिक जपावे. तिने दोन वर्षे परक्या शहरात एकटीने संसार चालविलेला असतो आणि घरी आल्यावर सातच्या आत घरात येण्याचा नियम व लग्नाची घाई तिची वाट पाहत असते. तिच्या शिक्षणाचा अभिमान भाषणात सांगायचा आणि तिचा निर्णय मात्र ऐकायचा नाही, हे बरे नव्हे.

बाबासाहेब १९२३ साली दुसऱ्यांदा परतले. पुढे ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक व १९३५ मध्ये प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालय सुरू केले. त्यालाच पुढे मिलिंद हे नाव मिळाले. ज्यांना एका महाविद्यालयात माठातले पाणी घेऊ देण्यास हरकत घेतली गेली, त्यांनी सर्वांना पाणी मिळेल अशी महाविद्यालयेच उभी केली.

त्याआधीची एक तारीख आपल्या नाशिककरांना वेगळी सांगावयास नको. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी हजारो स्त्री-पुरुष या शहरात जमले होते आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते पुढे उभे होते. बडोद्याच्या बागेत एकट्याने गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणाला तेरा वर्षांनी नाशिकमध्ये आपली माणसे भेटली होती. आज परतणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्यासाठी तेरा वर्षे थांबावे लागू नये. गाडी नाशिकरोडला लागेल त्या दिवशी आपण तेथे असावे, आणि दोन महिन्यांनीही त्यांच्या घरी जाऊन ‘कसं चाललंय?’ असे विचारावे.